कांदळवन, खेकडा आणि ग्रामपंचायत: कोल्हापुरातून सारखे येणारे प्रश्न

आमच्यातल्या बऱ्याच जणांचं गाव घाटाखाली, देवगड-मालवण-वेंगुर्ला साइडला, आणि पोटापाण्याला कोल्हापूर. त्यामुळं दिवाळी-मे महिन्याची सुट्टी संपली की मेसेज सुरू होतात. कुणाला गावात खेकडापालन करायचंय, कुणाला खाडीकाठी प्लॉट घ्यायचाय, कुणाला कॉलेजची पोरं नेऊन झाडं लावायचीत. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळा आला म्हणून इथं एकदाच लिहून ठेवलंय. सोपे प्रश्न आधी, डोकेदुखीवाले शेवटी.

१. कोल्हापुरात समुद्र नाही, खाडी नाही, मग आपल्याला कांदळवनाचं काय पडलंय?

पडलंय बघा. गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरला की दोन-अडीच तासात आपण खाडीवर असतो, आणि वीकेंडला तिथं निम्म्या गाड्या एमएच ०९ च्याच दिसतात. तिथली सुरमई-खेकडे आपण खातो, तिथले प्लॉट आपण घेतो. चंदगडच्या बाजूचं पाणी तिलारीतून खाली उतरून गोव्यात शापोऱ्याच्या खाडीला मिळतं, म्हणजे पाण्याचंही नातं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात कांदळवनावर कित्येक वर्षांपासून काम झालंय, हे तर कोल्हापुरातच लई जणांना माहीत नसतं. आणि वनखात्याचं म्हणाल तर सावंतवाडी विभाग कोल्हापूरच्याच वनवृत्तात येतो.

२. कांदळवन म्हणजे नेमकी कुठली झाडं? ओळखायची कशी?

खारफुटी म्हणा, कांदळवन म्हणा, एकच. भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात उभी राहणारी वेगवेगळी झाडं, एक जात नव्हे. ओहोटीला जाऊन बघितलं तर मुळांवरनं पटकन कळतं. खोडातून कमानीसारखी मुळं चिखलात उतरलीत ते कांदळ. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलीत ते तिवर. तशीच पण जाड, सुळक्यासारखी असतील तर चिप्पी. कांदळाच्या फांदीला शेंगेसारखं हिरवं लांबडं लोंबत असतं, ती शेंग नाही, झाडावरच रुजलेलं रोप आहे, ते सुटून खाली चिखलात रुततं नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडं लागतं. पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. हुरा नावाचं एक झाड असतंय त्याच्या चिकापासून लांब राहा, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, पोरांना आधीच सांगून ठेवा.

३. रंकाळ्याला किंवा पंचगंगेच्या काठाला कांदळ लावली तर पूर कमी होईल का?

नाही. हा प्रश्न दरवर्षी ऑगस्टमध्ये येतो. या झाडांना भरती-ओहोटी लागते, आपल्याकडं ती नाही, आणि पंचगंगा तर नृसिंहवाडीला कृष्णेला मिळून पूर्वेला जाते. समुद्राच्या लाटा आणि वादळाचा जोर ही झाडं मोडतात, पण धरण आणि नदीच्या पुराचा विषय पूर्ण वेगळा.

४. महाराष्ट्रात किती कांदळवन आहे आणि बघतंय कोण?

२०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात महाराष्ट्राचा आकडा ३२४ चौरस किलोमीटर होता, देशाचा ४,९९२. यातलं जास्त रायगड, ठाणे, मुंबई या पट्ट्यात, सिंधुदुर्गात त्यामानानं पट्टे लहान आणि खाडीखाडीनं विखुरलेले. राज्यानं २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला आणि नंतर त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान, योजनांचा पैसा आणि ट्रेनिंग त्याच्याकडनं येतं. सरकारी जमिनीवरचं बरंच कांदळवन राखीव वन म्हणून जाहीर झालंय.

५. जंगल वनखात्याचं असेल तर ग्रामपंचायतीच्या हातात काय उरलं?

उरलंय बरंच, फक्त वापरत कोण नाही. झाडावर हक्क पंचायतीचा नसतो हे खरं, पण खाडीत जाणारा कचरा आणि सांडपाणी हा सरळ पंचायतीचा विषय. गावातला अर्धा प्लास्टिक कचरा शेवटी तिवराच्या मुळात अडकलेला असतो, तो वनखातं येऊन गोळा करणार नाही. दुसरं म्हणजे गावचा विकास आराखडा. त्यात कांदळवनाचं नाव नसेल तर निधी मागायला तोंडच राहत नाही. तिसरं, जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायत-नगरपरिषदेला जैवविविधता व्यवस्थापन समिती करावीच लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. बऱ्याच ठिकाणी ही वही एकदा कुणीतरी करून दिलेली असते आणि कपाटात असते. ती बाहेर काढा, तिच्यात कुठल्या कोंडीत कुठली झाडं, कुठं तिसऱ्या (खाडीतले शिंपले) मिळतात, कुठल्या बायका कुठं कालवं फोडायला जातात हे सगळं लिहा, उद्या कुणी भराव टाकला तर हीच वही पुरावा म्हणून दाखवता येते.

चौथं म्हणजे ग्रामसभेचा ठराव. त्याचं पुढं सातव्या प्रश्नात सांगितलंय.

६. कांदळवन राखलं तर सरकार सबसिडी देतं असं ऐकलं, खरं का?

झाड राखल्याचे थेट पैसे नाहीत. २०१७ पासून राज्याची 'कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना' आहे, त्यात कांदळवन राखणाऱ्या गावातल्या लोकांना त्या जंगलावर चालणारा पण जंगल न तोडणारा धंदा उभा करून देतात. खेकडापालन, कालवं, शिनाणे (हाही शिंपल्याचाच प्रकार), पिंजऱ्यातला मासा, शोभेचे मासे, भातशेतीत मासे, निसर्ग पर्यटन असे प्रकार त्यात आहेत. सामूहिक प्रकल्पाला शासनाचा वाटा ९० टक्के आणि लोकांचा १०, वैयक्तिक असेल तर ७५ आणि २५.

हे काही आभाळातनं पडलेलं नाही. त्याआधी सिंधुदुर्ग किनाऱ्यावर केंद्र सरकार आणि यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा) सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला, त्यात खेकडा, कालवं, श्री पद्धतीची (कमी पाणी, कमी बियाण्याची) भातशेती, होडीतली सफारी हे सगळं करून बघितलेलं होतं.

पण एक सांगतो, ९० टक्के ऐकून उड्या मारणारे गट पहिल्या सीझननंतर दिसत नाहीत. जिथं लोकांनी आपला १० टक्के खिशातनं खरोखर काढलाय तिथं जाळं फाटलं तर रात्री बॅटरी घेऊन जाणारा माणूस असतो.

७. समिती कशी करायची? सरपंच आपला नसेल तर?

गावात 'कांदळवन सहव्यवस्थापन समिती' करावी लागते आणि ती ग्रामसभेतून आली पाहिजे. चार पोरांनी चहाच्या टपरीवर ठरवलेली चालत नाही. ग्रामसभेत विषय आधी अजेंड्यावर घ्या, आयत्या वेळच्या विषयात घुसवू नका, नंतर कुणीही ठराव उडवतो. प्रोसिडिंगची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात ताब्यात घ्या.

समितीत कोण घ्यायचं यावर सगळं ठरतं. रोज खाडीत उतरणारे लोक पाहिजेत. गाबीत वाड्यातले (म्हणजे मच्छीमार), कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या बायका, खेकडे पकडणारे. आपल्याकडं होतं काय, ज्यांना फॉर्म भरता येतो ते पदाधिकारी होतात आणि ज्यांना भरतीची वेळ घड्याळ न बघता कळते ते मजूर. मग दोन वर्षात भांडण. बचत गट उमेदमध्ये (सरकारच्या बचत गट अभियानात) आधीच असेल तर त्याला धरून चला, त्यांना हिशेबाची, मीटिंगची सवय असते.

आता सरपंच आपला नसेल तर. आडवं जाऊ नका, इनॉगरेशनला नारळ त्याच्या हातानं फोडू दे, बोर्डावर नाव घाला. पण बँक खात्यावर सही समितीच्या दोन माणसांची, त्यातली एक बाई, आणि जमाखर्च दर महिन्याला पंचायतीच्या नोटीस बोर्डवर. मी पाहिलेल्या एका गावात खेकडा व्यवस्थित वाढला, विकलाही, पण पैसे कुठल्या खात्यात आणि कुणाच्या सहीनं यावर गट फुटला. खाडीत नुकसान झालं नव्हतं, कागदावर झालं.

८. खेकडापालनात खरंच पैसा आहे का? यूट्यूबवर तर लाखात दाखवतात.

हा नंबर एकचा प्रश्न आहे म्हणून जरा लांब लिहितो.

दोन प्रकार असतात. एक, पिल्लं आणून वाढवणं. आपल्याकडच्या प्रकल्पांना पिल्लं बहुतेक तामिळनाडूतल्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राच्या हॅचरीतून आली. सात-आठ महिने तरी धरा. दुसरा, पोकळ खेकडा भरवणं. नुकतीच कात टाकलेला खेकडा आतून पाणी-पाणी असतो, वजनाला हलका, बाजारात भाव नाही, तो स्वस्तात घेऊन पेटीत तीन-चार आठवडे खायला घालून मांसानं भरला की विकायचा. पैसा लवकर फिरतो तो यात.

अडचणी अशा. खेकडा खेकड्याला खातो. कात टाकली की तो मऊ पडतो आणि शेजारचा त्याला सोडत नाही, म्हणून मोकळ्या जाळीत सोडलेल्या पिल्लांपैकी हातात येणारी लई कमी असतात, आणि म्हणूनच एकेकाला वेगळ्या खणात ठेवायच्या पेट्या आल्या. पाणमांजर जाळं फाडतं. पावसात वरनं गोडं पाणी आलं की खारटपणा एकदम उतरतो आणि मर होते, त्यामुळं पावसाळ्याचं टायमिंग चुकलं की संपलं. खायला बारीक मासळी लागते, तिचा भाव बंदरावर वाढला की तुमचं गणित बदललं.

विक्रीचं एक बघा. जिवंत खेकड्याचे दोन्ही डेंगे (नांग्या) शाबूत पाहिजेत. एक डेंगा तुटला की व्यापारी लगेच भाव पाडतो. म्हणून पाण्यातून काढल्या काढल्या पाठीवर पाय हलका दाबून, डेंगे आत दुमडून सुतळीनं आडवी-उभी गाठ मारतात. घाईगडबडीत नवीन माणूस इथंच माल घालवतो, आणि बोटही. मग ओल्या गोणपाटात, सावलीत. बर्फ नाही, मरेल.

आता मुद्द्याचं. कोल्हापूरच्या माणसाला दूध संस्थेची सवय. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की दहा दिवसाला बिल, त्यावर घर चालतं. खेकड्यात तसं नाही, आठ महिने नुसता खर्च आणि मग एकदाच पैसा. ज्या बाईचं घर रोजच्या दोन टोपल्या तिसऱ्यांवर चालतंय तिला आठ महिने थांब म्हणून सांगणं सोपं आहे, पण मधल्या काळात ती सरपणाला तिवरच तोडणार, दुसरं करणार काय. म्हणून गटाला आम्ही एवढंच सांगतो की खेकडा हा एकटा धंदा म्हणून धरू नका, महिन्याला थोडं थोडं देणारं दुसरं काहीतरी बरोबर ठेवा. काय ठेवायचं ते पुढच्या दोन प्रश्नात आहे.

यूट्यूबवरच्या लाखांबद्दल: त्यात पेटी विकणाऱ्याचा फोन नंबर खाली असतो का बघा. असतोच.

९. खेकडा सोडून कमी भांडवलात काय जमतं?

शिनाणे आणि कालवं. दोन्हीला खायला घालावं लागत नाही, पाण्यातलंच गाळून खातात. बांबूचा तराफा, त्याला दोर, दोराला बी बांधायचं किंवा शिंपा लटकवायच्या. शिनाणे पावसाळा संपला की लावायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचेच, नाहीतर गोड्या पाण्यानं हातचं जातं. तोटा असा की घाटावर याला गिऱ्हाईक नाही. कोल्हापुरात सुरमई-पापलेटला रांग लागेल पण शिनाणे काय म्हणून विचारतील, माल गोव्याकडं जातो. आणि गाव सांडपाणी खाडीत सोडत असेल तर हे करूच नका, जे पाण्यात असेल ते शिंपल्यात उतरतं.

पिंजऱ्यातला जिताडा भाव चांगला देतो पण खाद्याचा खर्च मोठा, नवख्या गटानं पहिल्याच वर्षी नको. शोभेचे मासे घरामागं टाकीत जमतात, बायकांना घर सोडून जावं लागत नाही आणि कोल्हापूर-बेळगावच्या ॲक्वेरियम दुकानांत माल देता येतो.

१०. आमचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप आहे, कांदळवन बघायला न्यायचाय. कुठं जाऊ?

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून सफारी करतात. इंजिन नाही, आवाज नाही, त्यामुळं धीवर, बगळे जवळनं दिसतात, आणि झाडांची माहिती त्याच देतात. आधी फोन करून भरतीची वेळ विचारून घ्या. इथनं सकाळी निघून 'आम्ही बाराला पोचतो, होडी तयार ठेवा' असं चालत नाही, बाराला तिथं चिखल असेल.

तुमच्याच गावात असं सुरू करायचं असेल तर होडीला मेरीटाइम बोर्डाचा परवाना, लाइफ जॅकेट आणि विमा हे तीन आधी. आणि जेवण गावातच ठेवा. होडीपेक्षा थाळीत जास्त घरांना काम मिळतं आणि पैसा त्याच दिवशी हातात, आठव्या प्रश्नात जो मधल्या काळाचा घोळ सांगितला तो इथं सुटतो.

एक विनंती, बाटल्या आणि स्पीकर घाटावरच ठेवून या. नाद करायला रंकाळा आहे.

११. कंपनीच्या सीएसआरमधून हजारभर कांदळं लावायचीत, परवानगी कुणाची?

जमीन राखीव वन असेल तर वनखात्याची, दुसऱ्या कुणाचीच चालत नाही. केंद्राच्या 'मिष्टी' योजनेत, जी जून २०२३ ला सुरू झाली, कांदळवन लागवडीला रोजगार हमी आणि कॅम्पाचा (तोडलेल्या जंगलाच्या भरपाईच्या निधीचा) पैसा जोडायची सोय ठेवलीय, तेव्हा आधी तिकडं विचारा.

पण मला खरं विचाराल तर लावायची घाई नको. जिथं आज झाड नाही तिथं बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं. पाणी अडलंय, रस्त्या-बांधाखालची मोरी बुजलीय, किंवा तो मुळात मोकळा चिखलपट्टाच आहे जिथं पक्षी चरतात आणि बायका तिसऱ्या काढतात. अशा पट्ट्यावर ओळीनं कांदळ ठोकली तर फोटो चांगला येतो, पुढच्या पावसात निम्मी आडवी, आणि बायकांची जागा गेली ती वेगळीच. बुजलेली मोरी उघडून भरतीचं पाणी आत घेतलं तर बी आपोआप येतं. तो पैसा मोरीला द्या म्हटलं की कंपनीवाले गप्प होतात, कारण मोरीवर बोर्ड लावता येत नाही.

१२. वाळलेलं, पडलेलं लाकूड सरपणाला आणलं तर चालतं ना? आजी तर आणायची.

राखीव वनातून विचारल्याशिवाय नाही, पडलेलं असलं तरी. समिती असेल तर वनरक्षकाशी बोलून काय चालेल ते लेखी ठरवून घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका, वनरक्षकाची बदली होते.

१३. आमच्या भातशेतीचा बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि आता तिथं तिवर उगवलंय. सातबारा आमचा. तोडू शकतो का?

नाही. आणि हा नियम लोकांच्या सगळ्यात जास्त जिव्हारी लागतो, मलाही त्यांचं म्हणणं पटतं. खारभूमीचे (खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले) बांध सांभाळायला १९७९ चा कायदा आणि वेगळं खातं आहे, बांध वेळेत दुरुस्त झाला नाही, शेत पडीक राहिलं, आणि दहा वर्षांनी मालकाला कळतं की आता आपल्या शेतात जंगल आहे. मुंबई हायकोर्टानं २००५ च्या आदेशात आणि नंतर १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाच्या बाबतीत मालकी कुणाची हे बघितलं नाही, खासगी असलं तरी तोड बंद.

मग करायचं काय? बांध फुटल्या फुटल्या, म्हणजे झाड यायच्या आधी, खारभूमी खात्याला आणि तलाठ्याला लेखी अर्ज, पंचनामा, फोटो. झाड आलेलं असेल तर त्या जागेवर वैयक्तिक योजनेतून (सहावा प्रश्न) झाड न तोडता खेकडा किंवा मासा बसतो का ते कांदळवन कक्षाला विचारा. जागा तुमची असल्यामुळं निदान जागेवरनं भांडण होत नाही.

१४. खाडीला लागून प्लॉट मिळतोय, एजंट म्हणतो 'ती साधी झुडपं आहेत'. घेऊ का?

झुडपांच्या मुळाशी ओहोटीला जाऊन बघा (दुसरा प्रश्न). कांदळवन असेल तर ते सीआरझेड-१ अ मध्ये (किनाऱ्यावरच्या बांधकाम नियमांतल्या सगळ्यात कडक पट्ट्यात) येतं आणि हायकोर्टाच्या आदेशाप्रमाणं त्याच्या सगळ्या बाजूंनी ५० मीटर बांधकाम नाही. पाच गुंठ्याचा प्लॉट ५० मीटरमध्ये कुठल्या कुठं संपतो, मोजून बघा. एनए झालंय, ग्रामपंचायतीचा दाखला आहे, याला सीआरझेडपुढं अर्थ नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर गट नंबर टाकून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि झुडपं 'साफ करून देतो' म्हणाला तर तिथनंच माघारी फिरा, जुने सॅटेलाइट फोटो कुणालाही बघता येतात.

१५. तोड किंवा भराव दिसला तर तक्रार कुठं? हायकोर्टाला मुंबईला जायचं का?

आधी लोकेशनसकट फोटो, भरतीच्या वेळचा एक आणि ओहोटीचा एक. मग तहसीलदार, वनखातं आणि कांदळवन कक्ष तिघांनाही लेखी, पोच घेऊन. हायकोर्टाच्या निकालानुसार कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, तिलाही प्रत टाका. हरित लवादात जायचं तर पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात, पण तिथं सहा महिन्यांची मुदत असते, बघू करू म्हणत बसू नका. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात येतात. म्हणजे मालवणच्या खाडीची केस आता आपल्या भाऊसिंगजी रोडवर चालणार.

१६. शिक्षा काय होते? जेल होते का?

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये आधी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्यानं ती काढून १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड ठेवलाय. राखीव वन असेल तर वनकायदा वेगळा लागतो, तिथं अटक होऊ शकते. बिल्डरला १० हजार म्हणजे काय हे तुम्हीच बघा, पण जागा पूर्ववत करून द्यायचा आदेश निघाला तर तो खर्च मात्र झोंबतो.

१७. कार्बन क्रेडिटवाली कंपनी गावात आलीय, पंचायतीनं सही करावी म्हणते.

थांबा. राखीव वनावर पंचायत करारच करू शकत नाही. कागद वनखात्याला दाखवा. त्यांनीच पाठवलंय म्हणत असतील तर पत्र मागा.

१८. आणि ग्रामपंचायतच कांदळवनात रस्ता किंवा जेटीला भराव टाकत असेल तर?

याचं उत्तर सगळे हळू आवाजात विचारतात. ठराव झाला, निधी आला, वर्क ऑर्डर निघाली, तरी कांदळवनात काम करायला सीआरझेडची मंजुरी लागते, वनजमीन असेल तर वन मंजुरी, आणि सार्वजनिक कामाला झाडं तोडायची असतील तर हायकोर्टाची परवानगी. ग्रामसभेच्या ठरावानं यातलं एकही टळत नाही. आधी ग्रामसेवकाला माहिती अधिकारात एवढंच विचारा की या कामाच्या मंजुऱ्यांच्या प्रती द्या. बऱ्याचदा त्या पत्रानंच जेसीबी थांबतो, कारण सही ग्रामसेवकाची असते आणि नोकरीही त्याचीच. नाही थांबला तर पंधरावा प्रश्न. फक्त रस्ता खरंच गरजेचा असेल, पलीकडच्या वाडीला दवाखान्यात जायला दुसरी वाट नसेल, तर नुसता विरोध करून बसू नका. खांबांवरचा साकव मागा, पाणी खालनं जात राहतं आणि झाडंही कमी जातात. तो ठराव तुमच्या समितीनं मांडावा, खर्चाच्या अंदाजपत्रकासकट, म्हणजे 'हे विकासाच्या आड येतात' म्हणून बोंब मारायला जागा राहत नाही.